गांडुळांना न्याय देणारा डार्विन

चार्ल्स डार्विन म्हटले की गॅलापागोस बेटे आणि उत्क्रांतिवाद आठवतो. पण याच माणसाने साध्या गांडुळाचा तब्बल ४४ वर्षे पाठपुरावा केला, हे फारसे ठाऊक नसते.

डार्विनचा जन्म १८०९ मध्ये इंग्लंडमधील श्रूजबरीचा. वडील डॉक्टर. मुलालाही त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोला पाठवले; पण शस्त्रक्रिया पाहवेना, म्हणून त्याने ते सोडून दिले. 'बीगल' जहाजावरची पाच वर्षांची सफर आटोपून तो १८३६ मध्ये परतला. त्यानंतर मामा जोसाया वेजवूड (पुढे हेच सासरे झाले) यांनी त्याला आपले कुरण दाखवले. काही वर्षांपूर्वी वर पसरलेला चुना आणि जळक्या कोळशाचे तुकडे काही इंच खाली गेले होते. मामांचा तर्क असा, की गांडुळे खालची माती खाऊन विष्ठेच्या रूपाने वर टाकतात आणि चुना गाडला जातो. १८३७ मध्ये डार्विनने लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे हा विचार मांडला.

एवढासा जीव एवढे काम करतो, हे अनेकांना पटेना. वाद घालण्यापेक्षा डार्विनने मोजायचे ठरवले. १८४२ मध्ये डाऊन या गावी राहायला गेल्यावर त्याने घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. २९ वर्षांनी, १८७१ मध्ये तिथे चर खणला. खडू सात इंच खाली सापडला!

प्रकृती कायम नरम. तरी कुंड्यांत गांडुळे पाळून त्याचे प्रयोग चालूच होते. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी घरात बासून आणि पियानो वाजवले गेले. आवाजाला ती दाद देईनात. कुंडी पियानोवर ठेवली की मात्र कंपनाने बिळात शिरत. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून त्याने तिथल्या गांडुळांची विष्ठाही मागवली. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एका एकरात वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता. १८८१ मध्ये यावरचे पुस्तक आले. पुढच्याच एप्रिलमध्ये डार्विन गेला.

ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन मातीची नोंद घेणे, हीच आजच्या माती-पाहणीची रीत. युरोपीय संघात 'लुकास' ही पाहणी २००९ पासून मातीचे नमुने घेते. २०१८ मध्ये काही ठिकाणच्या नमुन्यांतील जिवांचे डीएनएही तपासले गेले. आपल्याकडच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आहेत, सेंद्रिय कर्ब आहे. गांडुळे, बुरशी, जिवाणू यांना मात्र रकाना नाही.

तो येईल तेव्हा येईल. तोवर दर पावसाळ्यात, शेतातल्या त्याच जागी फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, निघालेली गांडुळे मोजावीत आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. दोन-चार वर्षांत आकडा घसरू लागला, तर माती काय सांगते आहे ते कळेल.