वाकलेलं लोखंड आणि लक्ष्मणराव

मित्रांनो, इंजिनिअर कोणाला म्हणायचं? हातात डिग्री असलेल्याला, की हातात पान्हा असलेल्याला? वर्कशॉपमध्ये फायलिंग करून हात भरून आले की हा प्रश्न मला हमखास पडतो. मग आठवतात लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती!

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. नाद दोनच, चित्रं आणि यंत्रं. १८८५ मध्ये ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण पुढे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत. दुसरा कोणी असता तर हात हलवत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ धरून ठेवली. मेकॅनिकल ड्रॉइंग पक्कं केलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आपलं व्हीजेटीआय) शिकवू लागले. यंत्रं मात्र ते तिथल्या वर्कशॉपमध्ये स्वतःच शिकले.

सायकल तेव्हा नवलाची गोष्ट होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. पुढे कॉलेजात हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी सरळ नोकरी सोडली आणि बेळगावचं सायकलचं दुकान गाठलं. या विक्री-दुरुस्तीतूनच पुढचा कारखाना उभा राहिला. आधी कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. विचार करा, तयार माल दुकानात पडून आहे आणि गिऱ्हाईक हात लावत नाही! तरी त्यांनी नांगर बनवणं थांबवलं नाही.

आमचं गाव नेवासा. नेवासा म्हटलं की सगळ्यांना ज्ञानेश्वरांचा खांब आठवतो. आमच्या गोठ्यात मात्र आजोबांचा जुना लोखंडी नांगर पडलेला होता, मुठीची पट्टी वाकलेली. गेल्या सुट्टीत तो भंगारात निघाला होता. मी हट्टानं लोहारकाकांकडे नेला. त्यांनी नांगरावर ठिकठिकाणी हातोडी वाजवून बघितली आणि म्हणाले, पट्टी सरळ होईल, पण बॉडीला घण लावायचा नाही, ती बिडाची आहे. मग वाकल्या जागी खडूची खूण केली, तेवढाच भाग भट्टीत लाल केला, ऐरणीवर बेतानं ठोकला आणि पाण्यात न बुडवता तसाच निवू दिला. मला आयर्न-कार्बन डायग्राम पाठ होता. बिडात २ टक्क्यांहून जास्त कार्बन, म्हणून ते वाकत नाही, तुटतं. पण आवाजावरून ते ओळखता येतं हे मला कॉन्व्हेंटमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, आणि इथेही नाही!

लक्ष्मणरावांना ही दोन्ही शिक्षणं होती, कागदावरचं आणि हातातलं. म्हणूनच बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा ते खचले नाहीत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं. नुसता निवडुंग आणि साप! १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी तिथे राखणीचं काम दिलं. लोखंड असो की माणूस, वाकलं म्हणून टाकायचं नाही, हा त्यांचा स्वभावच असावा. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले, पण किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी एखादा पार्ट वाकला तर लगेच नवा मागवू नका. आधी तो कशाचा आहे ते बघा, आणि कळलं नाही तर एखाद्या लोहारकाकांना विचारा. त्यात कमीपणा कसला?