तळे खोदविणारा शिवयोगी

तळ्याकाठी आपण गप्पा मारीत बसतो. हे पाणी इथे कुणी साठविले, ते क्वचितच आठवतो. बाराव्या शतकात सोन्नलगीला, म्हणजेच आजच्या सोलापुरात, मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धरामेश्वर जन्मले. मल्लिकार्जुनाच्या ओढीने ते बालवयातच श्रीशैलास गेले. परतल्यावर या अवर्षणी मुलखात त्यांनी मंदिर उभारले, तळे खोदविले. परंपरा सांगते, अल्लमप्रभूंनी त्यांना मातीकाम करणारा वड्डर म्हणून डिवचले. तळी खोदून मोक्ष मिळत नाही, हा त्यांचा रोख. सिद्धराम त्यांच्यासह कल्याणास गेले, चन्नबसवांकडून दीक्षा घेतली आणि अखेरीस सोन्नलगीतच समाधिस्थ झाले. मोक्षाचा वाद विद्वानांनी सोडवावा. तळे मात्र आठशे वर्षे टिकले. पाणपक्ष्यांना आसरा मिळाला, भाविकांना वाट. त्याचा काठ स्वच्छ राखण्याइतका वड्डरपणा आपल्याला जमेल काय?