समोरासमोरच्या दोन खोल्या

1896 साली मुंबईत प्लेग आला. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. दोष दिला गेला तो अंधाऱ्या, कोंदट घरांना. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या काळात, 1898 मध्ये, मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि कामकरी लोकांसाठी चाळी बांधल्या. त्याच या बीआयटी चाळी. रचना अगदी काटकसरीची. एका ओळीत खोल्या, उजेडासाठी खिडकी, नळ आणि शौचकूप सामाईक. हवा-उजेडाचा हिशेब इथे होता, पुस्तकांचा नव्हता.

तो हिशेब एका बिऱ्हाडाने स्वतः मांडला. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ आधी लोअर परळला डबक चाळीत एका खोलीत राहत. स्वयंपाक, सामानसुमान, धूर सारे तिथेच. गजबज निवल्यावर, रात्री दोनला, ते भीमरावांना अभ्यासाला उठवीत. पुढे परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी 50 आणि 51 क्रमांकाच्या समोरासमोरच्या दोन खोल्या घेतल्या. एक संसाराची, दुसरी अभ्यासाची.

भीमराव 1912 मध्ये बी.ए. झाले. 1913 च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडन. 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले ते याच परळला. मधल्या काळात हा संसार रमाबाईंनी ओढला. पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला. याच चाळीत शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला आले. 1927 च्या महाड सत्याग्रहाच्या दिवसांतही त्यांचे घर हेच होते.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेव्हा नकाशात पुस्तकांना मानाची जागा मिळाली. चाळीने जे दिले नव्हते, ते त्यांनी आपल्या घरात बांधून घेतले. रमाबाईंना ते घर फार काळ लाभले नाही. 1935 च्या मे महिन्यात त्या गेल्या.

16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्याला बाबासाहेबांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली. आपल्या वडसा-ब्रह्मपुरी भागातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण आजही जपली जाते. त्याच घरांत एखादी पोर चुलीच्या उजेडापासून दूर, कोपऱ्यात वही घेऊन बसते. घर बांधायला निघालेल्याने देवघर, स्वयंपाकघर जरूर आखावे; पण त्या पोरीच्या वहीसाठी एक खिडकी आधी मोजून ठेवावी.