जॉन मिल्टन : लेखणी, सत्ता आणि पराभव

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला,
- सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजा व पार्लमेंट यांच्यात संघर्ष का झाला, हे सांगता येईल.
- मिल्टनच्या जीवनातील प्रमुख टप्पे त्या संघर्षाच्या संदर्भात मांडता येतील.
- मुद्रणस्वातंत्र्याविषयीच्या त्याच्या भूमिकेचे सामर्थ्य व मर्यादा स्पष्ट करता येतील.
- चरित्रनायकाचे गुण व दोष चरित्रात एकत्र कसे मांडले जातात, हे लक्षात येईल.

१. प्रस्तावना

'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याचा कर्ता म्हणून जॉन मिल्टनचे नाव आपण ऐकलेले असते. आंधळा कवी काव्य सांगतो आहे आणि मुली ते उतरवून घेत आहेत, असे चित्रही अनेकांच्या पाहण्यात आलेले असते. परंतु हे महाकाव्य प्रसिद्ध झाले तेव्हा मिल्टन अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यापूर्वीची ऐन उमेदीची सुमारे वीस वर्षे त्याने मुख्यतः राजकीय आणि धार्मिक वादविवादात घालवली होती. त्या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये राजाविरुद्ध युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले आणि अखेरीस त्याच राजाच्या मुलाला लोकांनी वाजतगाजत आणून गादीवर बसवले. या साऱ्या घटनांचा मिल्टन साक्षीदार होता आणि त्यांत सहभागीही होता. ज्या विचारासाठी आयुष्य वेचले तो विचार समाजानेच नाकारला, तर लेखकाजवळ काय उरते, हा या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. बालपण आणि जडणघडण

मिल्टनचा जन्म ९ डिसेंबर १६०८ रोजी लंडनमधील ब्रेड स्ट्रीट येथे झाला. त्याचे वडील कायदेशीर दस्तऐवज तयार करण्याचा आणि व्याजाने पैसे देण्याचा व्यवसाय करीत. ते संगीतकारही होते. कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट मत स्वीकारल्यामुळे त्यांना त्यांच्या वडिलांनी वारसाहक्क नाकारला होता. श्रद्धेसाठी किंमत मोजावी लागते, हा अनुभव मिल्टनच्या घरात त्याच्या जन्माआधीपासूनच होता.

लंडनमधील सेंट पॉल्स शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या ख्राइस्ट्स महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. १६३२ मध्ये तो एम. ए. झाला. चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावे, असा आरंभी विचार होता. पण तत्कालीन चर्चचा कारभार त्याला मानवला नाही. वडिलांच्या आधाराने त्याने पुढील काही वर्षे घरीच राहून ग्रीक, लॅटिन आणि इतर भाषांतील वाङ्मयाचा व इतिहासाचा कसून अभ्यास केला. 'कोमस' हे नाट्यकाव्य आणि एका सहाध्यायाच्या जलसमाधीवर लिहिलेले 'लिसिडस' हे शोककाव्य याच काळातले आहे.

१६३८ मध्ये तो इटलीच्या प्रवासाला निघाला. फ्लॉरेन्सजवळ त्याने वृद्ध गॅलिलिओची भेट घेतली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताचा पुरस्कार केल्याबद्दल चर्चच्या न्यायासनाने गॅलिलिओला नजरकैदेत ठेवले होते. पुढे विचारस्वातंत्र्यावर लिहिताना मिल्टनने या भेटीचा आवर्जून उल्लेख केला आहे. इटलीतून सिसिली आणि ग्रीस येथे जाण्याचा त्याचा बेत होता. पण मायदेशातील अशांततेच्या वार्ता कानी आल्यामुळे तो रद्द करून १६३९ मध्ये तो इंग्लंडला परतला.

३. राजा आणि पार्लमेंट

ही अशांतता समजून घेतल्याशिवाय मिल्टनचे पुढील जीवन समजणार नाही. राजा पहिला चार्ल्स हा राजपद ईश्वरदत्त मानणारा होता. राजा ईश्वराला जबाबदार असतो, प्रजेला नव्हे, अशी त्याची धारणा होती. कर बसवण्यासाठी पार्लमेंटची संमती हवी, हा पार्लमेंटचा आग्रह होता. १६२९ मध्ये चार्ल्सने पार्लमेंट बरखास्त केले आणि पुढील अकरा वर्षे पार्लमेंटविना राज्य केले. पैशासाठी त्याने जुने कर उकरून काढले. संकटकाळी किनाऱ्यावरील प्रदेशाकडून आरमारासाठी घेतला जाणारा जहाजकर त्याने अंतर्भागातील प्रदेशालाही लागू केला. जॉन हॅम्प्डन या जमीनदाराने तो भरण्यास नकार दिला. न्यायाधीशांनी अल्प बहुमताने राजाच्या बाजूने निकाल दिला. पण लोकांच्या मनात हॅम्प्डनचाच विजय झाला.

याला धर्माची जोड मिळाली. आर्चबिशप लॉडच्या साहाय्याने चार्ल्सने चर्चमधील विधी एका साच्यात बसवण्याचा प्रयत्न केला. साध्या उपासनेचा आग्रह धरणाऱ्या प्युरिटन लोकांना त्यात कॅथलिक पंथाची छाया दिसली. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादताच तेथे बंड झाले. त्या युद्धासाठी पैसा हवा म्हणून राजाला १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावे लागले. या पार्लमेंटने राजाच्या हातातील दडपशाहीची साधने एकेक करून काढून घेतली. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स स्वतः सशस्त्र शिपाई घेऊन हॅम्प्डनसह पाच सभासदांना पकडण्यासाठी सभागृहात शिरला. पण ते आधीच निसटले होते. त्यानंतर समेटाची आशा मावळली. ऑगस्टमध्ये राजाने नॉटिंगहॅम येथे निशाण उभारले आणि यादवी युद्ध सुरू झाले.

मिल्टनने तलवार हाती घेतली नाही. १६४१–४२ या काळात त्याने बिशपांच्या सत्तेविरुद्ध पाच पुस्तिका लिहिल्या. कवितेचे मोठे संकल्प त्याने बाजूला ठेवले आणि लेखणी सार्वजनिक कार्याला वाहिली.

४. घरातील यादवी

या युद्धाने घरेही दुभंगली. मिल्टनचा धाकटा भाऊ ख्रिस्टफर राजाच्या पक्षाचा होता. १६४२ मध्येच मिल्टनने मेरी पॉवेल हिच्याशी विवाह केला. ती ऑक्सफर्डजवळच्या राजनिष्ठ कुटुंबातील, वयाने त्याच्या निम्मी होती. मिल्टनचे घर म्हणजे पुस्तके, अध्यापन आणि शिस्त. सुमारे महिनाभरातच ती माहेरी गेली आणि युद्ध पेटल्यावर परत आली नाही.

या अनुभवानंतर मिल्टनने घटस्फोटाचा पुरस्कार करणाऱ्या पुस्तिका लिहिल्या. मनांचा मेळ नसलेला विवाह हा खऱ्या अर्थाने विवाहच नव्हे, असे त्याने प्रतिपादन केले. पार्लमेंटच्या बाजूच्या धर्मोपदेशकांनीही त्याच्यावर टीकेची झोड उठवली. १६४५ मध्ये मेरी परत आली. राजपक्षाचा पराभव झाल्यावर तिच्या आईवडिलांना आणि भावंडांनाही मिल्टनने आपल्या घरी आश्रय दिला. विचाराने कठोर असलेल्या या माणसाच्या स्वभावाची ही दुसरी बाजू चरित्रकाराने नोंदवली पाहिजे.

५. परवान्याविरुद्ध लेखणी

चार्ल्सच्या राजवटीत कोणतेही पुस्तक छापण्यापूर्वी परवाना घ्यावा लागे. ती व्यवस्था पार्लमेंटने मोडली. मात्र १६४३ मध्ये पार्लमेंटनेच पूर्वपरवान्याचा हुकूम नव्याने काढला. शत्रूने केलेला अन्याय दिसणे सोपे असते. आपल्याच पक्षाने तोच अन्याय केला, तर बोलायचे की नाही, हा प्रश्न मिल्टनपुढे उभा राहिला. नोव्हेंबर १६४४ मध्ये त्याने 'अरिओपॅजिटिका' ही पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तीही परवाना न घेता.

तिच्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : ग्रंथ ही निर्जीव वस्तू नसते, लेखकाच्या बुद्धीचे सत्त्व तिच्यात साठवलेले असते. वाईटाची ओळखच नसलेल्या माणसाच्या चांगुलपणाला फारसे मोल नसते, कारण चांगल्याची निवड करण्याची संधीच त्याला मिळालेली नसते. सत्य दुबळे नसते. खुल्या झगड्यात ते असत्याला हरवू शकते. प्रौढ वाचकाला आणि विद्वान लेखकाला शाळकरी मुलासारखे परवानाधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवणे हा साऱ्या राष्ट्राचा अपमान आहे.

या भूमिकेला मर्यादाही होत्या. हे स्वातंत्र्य कॅथलिकांना द्यावे, असे मिल्टनला वाटत नव्हते. छापल्यानंतर एखादे पुस्तक घातक ठरल्यास शिक्षा करण्यासही त्याचा विरोध नव्हता. पार्लमेंटने त्याचे म्हणणे ऐकले नाही. इंग्लंडमधील पूर्वपरवान्याची पद्धत १६९५ मध्ये संपुष्टात आली. तेव्हा मिल्टनला जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : 'अरिओपॅजिटिका' लिहिताना मिल्टन राजाशी वाद करीत होता की पार्लमेंटशी? चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.

६. सत्तेच्या सेवेत

जून १६४५ मध्ये नेझबीच्या लढाईत राजाच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला. पराभवानंतरही चार्ल्सने स्कॉट लोकांशी संधान बांधून पुन्हा युद्ध पेटवले, तेव्हा सैन्याचा संयम संपला. राजावर खटला चालवण्यात आला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉल येथे जाहीरपणे त्याचा शिरच्छेद झाला. अवघा युरोप हादरला. दोनच आठवड्यांत मिल्टनची पुस्तिका बाहेर आली. सत्ता मुळात प्रजेची असते, राजाकडे ती केवळ विश्वासाने सोपवलेली असते आणि विश्वासघात झाल्यास ती काढून घेता येते, हे तिचे सूत्र होते.

मार्च १६४९ मध्ये प्रजासत्ताकाच्या राज्यमंडळाने त्याला परदेशी भाषांचा सचिव नेमले. इतर देशांशी होणारा लॅटिन पत्रव्यवहार तो पाहू लागला. राजवधाचा निषेध करणाऱ्या सॅल्मेशियस या विख्यात पंडिताला उत्तर देण्याचे कामही त्याच्याकडे आले. मिल्टनची दृष्टी आधीच अधू झाली होती. वैद्यांनी धोक्याची सूचना दिली होती. तरीही त्याने लेखन पूर्ण केले. १६५१ मध्ये तो लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १६५२ च्या आरंभी त्याला पूर्ण अंधत्व आले. त्याच वर्षी मेरी बाळंतपणानंतर मरण पावली आणि पाठोपाठ एकुलता एक मुलगाही गेला. या अंधत्वाविषयी त्याने लिहिलेले सुनीत इंग्रजीतील श्रेष्ठ सुनीतांपैकी एक मानले जाते. हाच काव्यप्रकार पुढे केशवसुतांनी मराठीत रुजवला.

या काळातील एक गोष्ट चरित्रकाराला टाळता येत नाही. परवान्याविरुद्ध लिहिणारा मिल्टन १६५१ मध्ये सरकारी बाजूच्या एका वृत्तपत्राचा परवानाधिकारी म्हणून काम करीत होता. पुढे १६५३ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलने सैनिकांच्या बळावर पार्लमेंट हाकलून दिले आणि तो राज्याचा 'संरक्षक' झाला, तेव्हाही मिल्टन सेवेत राहिला. एका माणसाच्या हाती सत्ता नको म्हणून राजाला दूर केले होते. ती पुन्हा एकाच माणसाच्या हाती गेली. मिल्टनने क्रॉमवेलची स्तुती केली, आणि त्या स्तुतीतच त्याला स्वातंत्र्य जपण्याचा इशाराही दिला. हा विसंवाद झाकून ठेवण्याचे कारण नाही. विचार मांडणे आणि सत्तेच्या दालनात बसून तो पाळणे यांतील अंतर त्यातून कळते.

७. पराभव

सप्टेंबर १६५८ मध्ये क्रॉमवेल वारला. त्याच्या मुलाला राज्य सांभाळता आले नाही. करांना आणि लष्करी अमलाला कंटाळलेले लोक पुन्हा राजाची वाट पाहू लागले. १६६० च्या वसंतात, सारे वारे विरुद्ध दिशेने वाहत असताना, मिल्टनने प्रजासत्ताक टिकवण्याचा मार्ग सांगणारी पुस्तिका लिहिली आणि तिची सुधारलेली आवृत्तीही काढली. तिचा उपयोग होणार नाही, हे त्याला दिसत होते. मोकळ्या झालेल्या लोकांनी आपणहोऊन जोखड मानेवर घ्यावे, याचे दुःख त्या लेखनात आहे. २९ मे रोजी दुसऱ्या चार्ल्सने लंडनमध्ये प्रवेश केला.

मिल्टन एका मित्राच्या घरी लपून राहिला. त्याची पुस्तके जल्लादाच्या हातून जाळण्यात आली. पुढे त्याला अटकही झाली. राजवधाच्या खटल्याशी संबंधित काहींना देहान्त शासन झाले. क्रॉमवेलचे प्रेतही उकरून टांगण्यात आले. मिल्टनची मात्र डिसेंबरमध्ये सुटका झाली. त्याचा पूर्वीचा सहकारी, कवी अँड्र्यू मार्व्हेल तेव्हा पार्लमेंटचा सभासद होता आणि त्याने मिल्टनची बाजू घेतली होती.

८. अंधारातील महाकाव्य

आता मिल्टनजवळ पद नव्हते, दृष्टी नव्हती आणि पक्षही नव्हता. तरुणपणी बाजूला ठेवलेले महाकाव्य तेवढे होते. तो मनात ओळी रचत असे आणि लेखनिक, मित्र किंवा जो कोणी हाताशी असेल त्याला त्या सांगत असे. मुलींना अर्थ न कळणाऱ्या भाषांतील ग्रंथ त्याला वाचून दाखवावे लागत. त्यांच्याशी त्याचे संबंध कडवट झाले. १६६५ च्या प्लेगच्या साथीत तो चॅलफन्ट सेंट जाइल्स या खेड्यात राहिला. १६६६ च्या आगीत त्याचे जन्मघर भस्मसात झाले.

एप्रिल १६६७ मध्ये त्याने प्रकाशकाशी करार केला. आरंभी ५ पौंड आणि पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी ५ पौंड, असे त्याचे स्वरूप होते. छपाईसाठी परवाना घ्यावा लागलाच. 'पॅरडाइज लॉस्ट' मध्ये दहा हजारांहून अधिक निर्यमक ओळी आहेत. ईश्वराविरुद्धचे सैतानाचे बंड आणि आदम व ईव्ह यांचे स्वर्गोद्यानातून झालेले पतन हा तिचा विषय आहे. निवडीचे स्वातंत्र्य असूनही माणूस चुकीची निवड का करतो, हा प्रश्न त्यात पुनःपुन्हा येतो. १६६० मध्ये आपल्या देशबांधवांविषयी मिल्टनला हाच प्रश्न पडला होता. १६७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सॅमसन अ‍ॅगनिस्टिज' चा नायकही आंधळा आणि शत्रूंच्या कैदेत आहे.

नोव्हेंबर १६७४ मध्ये मिल्टनचा मृत्यू झाला. लंडनमधील सेंट जाइल्स, क्रिपलगेट येथे वडिलांच्या शेजारी त्याचे दफन करण्यात आले.

९. समारोप

मिल्टनचे प्रजासत्ताक अकरा वर्षांत संपले. त्याच्या पुस्तिकांपैकी बहुतेक आज केवळ अभ्यासक वाचतात. तथापि परवान्याविरुद्ध त्याने मांडलेला युक्तिवाद त्याच्या स्वतःच्या विसंगतीपेक्षा मोठा ठरला आणि पुढील पिढ्यांनी तो अधिक व्यापक अर्थाने स्वीकारला. त्याने कॅथलिकांना नाकारलेले स्वातंत्र्यही त्याच युक्तिवादाच्या आधारे मागता येते. पराभवानंतर त्याने आपले मत बदलल्याचा देखावा केला नाही आणि तो गप्पही बसला नाही. चरित्रनायकाला देव न करता, त्याच्या चुकांसह त्याचे मोठेपण कसे ओळखावे, याचा वस्तुपाठ म्हणून हे चरित्र आपण वाचावे.

स्वाध्याय

१. इंग्लंडमधील यादवी युद्धाची राजकीय, आर्थिक व धार्मिक कारणे स्पष्ट करा.
२. 'परवान्याचा विरोधक ते परवानाधिकारी' या मिल्टनच्या प्रवासाचे आपण कसे मूल्यमापन कराल?
३. पराभवाचा मिल्टनच्या काव्यनिर्मितीशी असलेला संबंध सोदाहरण लिहा.
४. आपल्या परिचयातील एखाद्या मराठी लेखकाचे चरित्र वाचा. चरित्रकाराने त्यातील विसंगती कशा हाताळल्या आहेत, यावर टीप लिहा.