साने गुरुजी आणि पैगंबरांचे चरित्र

सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात अर्धा तास उभे राहिले, तरी साऱ्या देशाची बोली कानांवर पडते. छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि मधूनच आपली वऱ्हाडी किंवा नागपुरी मराठी. भिलाईचा पहिला ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाला. तेव्हापासून पोटापाण्यासाठी येथे आलेल्या माणसांनी एकमेकांच्या शेजारी संसार थाटले. ईदच्या दिवशी शेजारच्या घरून शिरखुर्म्याची वाटी येते, दिवाळीला आपल्या घरून चकल्या-करंज्यांचे ताट जाते. ही देवघेव आपल्याला अंगवळणी पडलेली आहे. परंतु ज्या महापुरुषाच्या शिकवणीप्रमाणे शेजारी रोज पाच वेळा नमाजाला उभा राहतो, त्याचे चरित्र आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहे? मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हा प्रश्न स्वतःला विचारताना एका मराठी शिक्षकाची आठवण होते. हे चरित्र मराठी घरांत पोहोचावे म्हणून ज्यांनी लेखणी झिजविली, ते शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात आपले साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव आणि आई यशोदाबाई. पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकामुळे ही माउली महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. शिक्षणासाठी पांडुरंगाला लहान वयातच घर सोडावे लागले. दापोली, औंध, पुणे असा त्याचा विद्यार्थिदशेतील प्रवास झाला. १९१७ साली आई वारली, तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. ते शल्य त्याच्या अंतःकरणात जन्मभर राहिले आणि दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणे हा त्याचा स्वभावच होऊन गेला.

पुण्यातील शिक्षणानंतर गुरुजी खानदेशात अंमळनेर येथे आले. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास करून १९२४ साली त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांचे अंथरूण नीट घालावे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागावी, खोल्या स्वतः झाडाव्यात. उपदेशाचा शब्द मात्र फारसा उच्चारू नये, अशी त्यांची रीत होती. पांडुरंग साने यांचे ‘गुरुजी’ झाले ते येथेच.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडून तुरुंगाची वाट धरली. तुरुंग हेच त्यांचे दुसरे विद्यापीठ ठरले. धुळ्याहून त्यांची रवानगी दूर दक्षिणेस त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तेथे दक्षिणेतील सत्याग्रहींच्या सहवासात त्यांनी तमिळ भाषेशी परिचय करून घेतला. पुढे तिरुवल्लुवरांचा ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला. एकाच देशातील माणसे एकमेकांच्या साहित्याविषयी, संतांविषयी किती अजाण आहेत, याची टोचणी त्यांना तेथे लागली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेण्याचे काम गुरुजींनी केले आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आला. पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ अवघ्या काही दिवसांत लिहून झाली.

धुळ्याच्या तुरुंगातील या दोन मराठी माणसांचे पुढील कार्य पाहिले म्हणजे मोठे नवल वाटते. विनोबांनी मूळ कुराण वाचता यावे म्हणून अरबी भाषेचा अभ्यास केला आणि त्यातील वचनांची निवड करून ‘कुराण-सार’ सिद्ध केले. गुरुजींनी आपल्या स्वभावास अनुसरून कथेची वाट धरली. ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या लेखणीने ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिली. गुरुजींच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात महंमद पैगंबरांचे चरित्र त्यांनी मराठी वाचकाला सांगितले.

ते चरित्र कोणत्याही भाविक मराठी मनाला परके वाटू नये असेच आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात, ५७० च्या सुमारास मक्का नगरीत त्यांचा जन्म झाला. पिता अब्दुल्ला हे पुत्राचे मुख पाहण्यापूर्वीच निवर्तले होते. सहा वर्षांचे असताना माता आमिना गेली. आजोबांनी सांभाळले, तेही दोन वर्षांत गेले. मग चुलते अबू तालिब यांनी पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. लहानपणी त्यांनी मेंढरे राखली. मोठेपणी उंटांच्या तांड्यांबरोबर व्यापार केला आणि सचोटीमुळे ‘अमीन’, म्हणजे विश्वासू, हे नाव मिळविले. खदीजा नावाच्या विधवा व्यापारी स्त्रीने त्यांचा प्रामाणिकपणा पाहून त्यांच्याशी विवाह केला. वयाच्या चाळिशीत हिरा पर्वतावरील गुहेत त्यांना ईश्वरी संदेशाचा साक्षात्कार झाला. भयाने कापत ते घरी आले, तेव्हा धीर देणारी आणि त्यांच्यावर प्रथम विश्वास ठेवणारीही खदीजाच होती.

ईश्वर एक आहे आणि त्याच्यापुढे धनिक आणि गुलाम समान आहेत, हा त्यांचा संदेश मक्केतील धनवंतांना मानवला नाही. छळ सुरू झाला. तायफ गावी तर लोकांनी दगड मारून त्यांना रक्तबंबाळ केले. अखेर ६२२ साली त्यांना जन्मभूमी सोडून मदिनेस जावे लागले. हिजरी सन सुरू होतो तो या स्थलांतरापासून. विजयाच्या दिवसापासून न मोजता घर सुटले त्या वर्षापासून कालगणना करणारा हा समाज आहे, ही गोष्ट घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मदिनेत बिलाल या हबशी माणसाला नमाजाची बांग देण्याचा मान मिळाला. तो कालपर्यंत गुलाम होता. पुढे लढाया झाल्या, तह झाले. ६३० साली मक्का हाती आली, तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे छळले त्या बहुतेक सर्वांना पैगंबरांनी अभय दिले. त्यानंतर दोन वर्षांनी, ६३२ साली, मदिनेतच त्यांनी देह ठेवला.

बालपणीच मातेला अंतरलेल्या या मुलाची कथा सांगावी असे ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या गुरुजींना वाटले, यात आश्चर्य नाही. परंतु केवळ हळवेपणाने हा ग्रंथ घडला असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. गुरुजींनी ज्या दशकांत लेखन केले, त्याच दशकांत हिंदु-मुसलमानांतील तेढ वाढत गेली आणि अखेर देशाची फाळणी झाली. शेजारी शेजाऱ्याचा वैरी झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. अज्ञानातून संशय आणि संशयातून द्वेष जन्मतो, ही त्यांची खूणगाठ होती. दुसऱ्याला जे पूज्य आहे ते आदराने जाणून घेणे, हा त्यावरचा शिक्षकाला सुचणारा उपाय होय.

जो न्याय त्यांनी परधर्माला दिला, त्याच न्यायाने त्यांनी स्वधर्माची कठोर परीक्षा घेतली. पंढरीचा विठ्ठल अस्पृश्य मानलेल्या भक्तांना भेटत नाही, हे त्यांना सहन झाले नाही. महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिराची दारे सर्वांसाठी उघडण्याचे मान्य झाले. मदिनेत बिलालाला मिळालेल्या मानाचे कौतुक करायचे आणि पंढरीत चोखोबाच्या वंशजांना पायरीशीच थांबवायचे, हे त्यांच्या मनाला पटणारे नव्हते.

पुढील वर्षी, १९४८ च्या जानेवारीत, गांधीजींची हत्या झाली. त्या घटनेने गुरुजी आतून कोसळले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. तरीही १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही आंतरभारतीची कल्पना लोकांपुढे मांडली. परंतु मनावरचा भार हलका झाला नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. वय अवघे पन्नास वर्षांचे होते. त्यांच्या अखेरीचे दुःख आजही मनाला चटका लावते; त्यांनी मागे ठेवलेले काम मात्र त्या दुःखाहून मोठे आहे.

गुरुजींनी भिलाई पाहिली नाही. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी येथे कारखाना उभा राहिला आणि त्यांनी कल्पिलेली आंतरभारती येथील वसाहतींत, बाजारांत आणि पाळ्यांमध्ये कोणी न ठरविता वस्तीला आली. एकत्र राहणे आपल्याला परिस्थितीने शिकविले. एकमेकांना जाणून घेणे मात्र आपले आपणच शिकावयाचे आहे. आपली पुढची पिढी वाटेल तेथून ऐकीव गोष्टी गोळा करते आणि त्यांवर मते बनविते. अशा वेळी घरातील कपाटात ‘श्यामची आई’च्या शेजारी ‘इस्लामी संस्कृती’ असावी, एखाद्या निवांत संध्याकाळी ती मुलांसमवेत वाचली जावी आणि पुढच्या ईदला शिरखुर्म्याची वाटी हाती घेताना शेजाऱ्याशी त्याच्या पैगंबरांविषयी दोन शब्द बोलता यावेत, एवढे या सुवर्णमहोत्सवी वर्षात घडले, तरी गुरुजींच्या स्मृतीस ते खरे अभिवादन ठरेल.