नंद्यालचा कौल

पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांनी २१ जून १९९१ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, तेव्हा ते संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. त्या वर्षीची निवडणूक न लढविता त्यांनी दिल्लीतील बिऱ्हाड आवरून हैदराबादला परतण्याची तयारी चालविली होती. राजीव गांधी यांच्या हत्येने सारे चित्र पालटले. राज्यघटनेनुसार आता सहा महिन्यांत संसदेत निवडून येणे त्यांना भाग होते. नंद्यालचे काँग्रेस खासदार गंगुला प्रताप रेड्डी यांनी राजीनामा देऊन जागा मोकळी केली. परंतु नंद्याल रायलसीमेत होते, आणि रायलसीमेशी राव यांचा जुना सल होता.

राव तेलंगणाचे. २८ जून १९२१ रोजी तत्कालीन निजामी राज्यात जन्मलेल्या या तरुणाला वंदे मातरम् चळवळीमुळे शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. मराठी त्यांनी इतकी आत्मसात केली, की ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९५७ मध्ये ते मंथनीतून विधानसभेवर गेले आणि १९७१ मध्ये हैदराबादेत मुख्यमंत्री झाले. जमीनदारांचा रोष पत्करून त्यांनी भूमिसुधारणांचा आग्रह धरला.

१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे मुल्की नियम वैध ठरविले. राव यांनी त्याचे स्वागत करताच किनारी आंध्र आणि रायलसीमेत ‘जय आंध्र’ आंदोलन पेटले. जानेवारी १९७३ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे १९८४ मध्ये हनमकोंड्याच्या मतदारांनी त्यांना नाकारले. लोकसभेत पाठविले ते विदर्भातील रामटेकने.

म्हणूनच नोव्हेंबर १९९१ ची पोटनिवडणूक केवळ घटनात्मक उपचार नव्हती. काँग्रेसचे कट्टर विरोधक एन. टी. रामाराव यांनी पंतप्रधान झालेल्या तेलुगू माणसाविरुद्ध तेलुगू देसमचा उमेदवारच दिला नाही. भाजपचे बंगारू लक्ष्मण रिंगणात होते. राव सुमारे ५ लाख ८० हजारांच्या विक्रमी मताधिक्याने विजयी झाले. ज्या प्रदेशाच्या रोषाने त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले, त्यानेच अठरा वर्षांनी त्यांचे पंतप्रधानपद पक्के केले. बहुमत नसलेल्या सरकारला आर्थिक सुधारणांची कठीण वाट चालताना या कौलाचे बळ लाभले.

२३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार हैदराबादेत, हुसेनसागराच्या काठी झाले. १९९१ मध्ये अर्धवट राहिलेली घरवापसी अशी पूर्ण झाली.