सर्वांना एका पंगतीत बसविणारे गुरू नानक

आपल्या नाशिक जिल्ह्यात येवला आणि मनमाड ही दोन गावे जवळजवळ वसलेली आहेत. येवल्याचे नाव घेतले की १३ ऑक्टोबर १९३५ हा दिवस आठवतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील परिषदेत धर्मांतराची घोषणा केली आणि आपल्या समाजाच्या इतिहासाला नवे वळण लागले. मनमाडला शिखांचा गुरुद्वारा आहे. नांदेडच्या हुजूर साहिबकडे जाणारे यात्रेकरू येथे थांबतात. तेथील लंगरात जो येईल त्याला जेवण मिळते आणि त्याची जात कोणी विचारीत नाही.

या दोन गावांना जोडणारा एक धागा आहे. येवल्याच्या घोषणेनंतर कोणता धर्म स्वीकारावा याचा विचार करताना बाबासाहेबांनी शीख धर्माचाही गांभीर्याने अभ्यास केला. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेस गेले. १९३७ मध्ये मुंबईत खालसा महाविद्यालय उभे राहिले, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी बुद्धांचा धम्म स्वीकारला आणि आपण सर्व त्याच मार्गाने चालत आहोत. तरीही ज्या परंपरेकडे बाबासाहेबांसारख्या चिकित्सक महामानवाची दृष्टी वळली, तिचा पाया घालणारा पुरुष कोण होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून आम्ही गुरू नानकदेवांचे हे अल्पचरित्र सादर करीत आहोत.

नानकांचा जन्म १४६९ मध्ये पंजाबातील राय भोईची तलवंडी या गावी झाला. हेच आजचे ननकाना साहिब. ते लाहोरच्या पश्चिमेस असून आता पाकिस्तानात आहे. जन्म वैशाखातला, असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु जयंती कार्तिक पौर्णिमेस साजरी होते. वडील मेहता कालू गावचे पटवारी होते, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याप्रमाणे जमीनमहसुलाचा हिशेब ठेवीत. आईचे नाव तृप्ता. थोरली बहीण नानकी हिने भावाचे वेगळेपण सर्वांआधी ओळखले. गावचे जमीनदार राय बुलार हे मुसलमान होते आणि या मुलावर त्यांचा जीव होता.

नानकांच्या जीवनकथा जनमसाखी नावाच्या ग्रंथांतून आल्या आहेत. भक्तांनी त्या पुढे लिहिल्या, त्यामुळे त्यांत श्रद्धेचा भाग पुष्कळ आहे. पण त्यांतून माणूस स्पष्ट दिसतो. मुंजीच्या वेळी या मुलाने जानवे घालण्यास नकार दिला. जो धागा मळतो, तुटतो आणि माणसाचे आचरण मुळीच बदलत नाही, तो घालून काय साधणार, असा त्याचा प्रश्न होता. वडिलांनी एकदा वीस रुपये देऊन फायद्याचा सौदा करण्यास पाठविले. वाटेत उपाशी साधूंची टोळी भेटली. नानकांनी सारे पैसे त्यांच्या जेवणावर खर्च केले आणि रिकाम्या हाताने परतले. वडील संतापले. मुलाच्या मते मात्र याहून खरा सौदा दुसरा नव्हता.

तरुणपणी ते सुलतानपूर लोधी येथे बहिणीकडे राहण्यास गेले. मेहुणे जयराम यांच्या ओळखीने नवाब दौलतखान लोधी यांच्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, त्यांना नोकरी मिळाली. सुलक्खणी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. श्रीचंद आणि लखमीदास हे त्यांचे दोन पुत्र. गरिबांना धान्य वाटून नानक कोठार रिते करतात, अशी चुगली नवाबाकडे गेली. हिशेब तपासला तेव्हा तूट निघाली नाही. हा प्रसंग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. दुसऱ्यास देणारा हात आपल्या कामात चोख होता.

१४९९ च्या सुमारास वेईं नदीवर स्नानास गेलेले नानक तीन दिवस परतले नाहीत. ते बुडाले असे लोकांनी धरले. परतल्यावर त्यांनी सांगितले की, आपल्या लेखी कोणी हिंदू नाही आणि कोणी मुसलमान नाही. त्या काळी हे सांगणे सोपे नव्हते. नोकरी सोडून ते प्रवासास निघाले. सोबत होता लहानपणचा सोबती मरदाना. तो मुसलमान मिरासी जातीचा होता, आणि ही जात गाऊन-वाजवून पोट भरणारी, समाजात खालची मानली गेलेली. नानक पदे रचीत आणि मरदाना रबाबवर साथ करी. हे दोघे वर्षानुवर्षे गावोगाव हिंडले.

या भ्रमंतीतील एक कथा पंजाबात घरोघरी सांगतात. सैदपूर गावी नानक लालो नावाच्या गरीब सुताराकडे उतरले. गावातील धनाढ्य अधिकारी मलिक भागो याने मोठी मेजवानी घातली, पण नानक गेले नाहीत. जाब विचारला तेव्हा त्यांनी सांगितले की, लालोची भाकरी घामाची आहे आणि भागोचे पक्वान्न गरिबांच्या रक्तावर शिजले आहे. उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या माणसाने सुताराच्या चुलीवरचे खावे, हेच मुळी त्या काळाला आव्हान होते. पुढे १५२१ च्या सुमारास बाबराच्या सैन्याने हेच सैदपूर लुटले. तेव्हा नानकांनी स्त्रियांची विटंबना आणि सामान्यांचे हाल आपल्या पदांतून मांडले, आणि बेसावध राज्यकर्त्यांनाही दोष दिला.

उतारवयात त्यांनी रावी नदीच्या काठी कर्तारपूर वसविले. येथे त्यांच्या शिकवणीला घर मिळाले. त्यांनी भगवी वस्त्रे घातली नाहीत की रानात मठ बांधला नाही. स्वतः शेती केली. पहाटे प्रार्थना, दिवसा शेतात काम आणि संध्याकाळी कीर्तन असा दिनक्रम असे. त्यांची शिकवण शीख परंपरा तीन सूत्रांत सांगते: नाम जपणे, कष्टाची कमाई करणे आणि वाटून खाणे. कर्तारपूरच्या सामुदायिक स्वयंपाकघरात ब्राह्मण, शेतकरी, मुसलमान आणि अस्पृश्य मानलेले लोक एकाच ओळीत जमिनीवर बसून जेवत. हाच लंगर. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांनी तो नावारूपास आणला, आणि तिसरे गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग भेट असा नियमच घातला.

वारस निवडतानाही नानकांनी रक्ताचे नाते पाहिले नाही. दोन्ही पुत्रांना बाजूस ठेवून त्यांनी लहणा या सेवाभावी शिष्यास गादीवर बसविले आणि त्याला अंगद हे नाव दिले. २२ सप्टेंबर १५३९ रोजी कर्तारपूर येथे नानकांचे निधन झाले. अंत्यसंस्कार कोणी करावा यावरून हिंदू आणि मुसलमान दोघेही हक्क सांगू लागले, असे कथा सांगते.

१६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नानकांच्या रचनांसोबत कबीर आणि रविदास यांचीही वाणी घेतली. आपल्या महाराष्ट्राचे शिंपी संत नामदेव यांची ६१ पदे त्यात आहेत. विणकर, चांभार आणि शिंपी यांच्या वाणीपुढे आज लाखो लोक मस्तक नमवितात. नामदेवांचे वास्तव्य जेथे होते असे मानतात, त्या पंजाबातील घुमान येथे २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते.

नानकांच्या जन्मस्थानाने मात्र पुष्कळ सोसले. ननकाना साहिबचा गुरुद्वारा भ्रष्ट महंताच्या ताब्यात होता. २० फेब्रुवारी १९२१ रोजी तेथे शांतपणे आलेल्या शंभराहून अधिक शिखांची हत्या झाली. त्या बलिदानातून गुरुद्वारे समाजाच्या हाती देणारा १९२५ चा कायदा आला. १९४७ च्या फाळणीत ननकाना साहिब आणि कर्तारपूर दोन्ही सीमेपलीकडे गेली. नानकांच्या ५५० व्या जयंतीच्या वर्षी, ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, कर्तारपूरचा मार्ग भारतीय यात्रेकरूंसाठी खुला झाला. तोवर लोक सीमेवर उभे राहून दुर्बिणीतून दर्शन घेत.

नानकांची निराकार ईश्वरावर श्रद्धा होती. तथागतांचा मार्ग वेगळा आहे आणि तो भेद आम्ही झाकू इच्छीत नाही. परंतु पंगतीचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. गावच्या लग्नात सर्वांची जेवणे उरकेपर्यंत आपले आजोबा दूर बसून राहत आणि मग उरलेले अन्न वरून टाकले जाई. सन्मानाने शेजारी बसून जेवणे म्हणजे काय, हे आपल्याला त्या उपासमारीने शिकविले आहे.

एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. नानकांनी जात नाकारली, तरी पंजाबातील काही गावांत आजही दलित शिखांचे गुरुद्वारे आणि स्मशाने वेगळी आहेत. आचरणात खंड पडला की जात पुन्हा घरात येते. हा इशारा आपल्यालाही लागू आहे. आपल्या भोजनगृहात सर्व मुले एका रांगेत बसतात, मोठी मुले लहानांना वाढतात आणि प्रत्येक जण आपले ताट धुतो. पण येथून शिकून गेलेल्या आणि आज चांगल्या पदावर असलेल्या आपल्यापैकी किती जणांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारीत आहोत.

शेवटी एक सूचना. येत्या कार्तिक पौर्णिमेस वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना येवल्याच्या मुक्तिभूमीवर न्यावे आणि तेथून मनमाडच्या गुरुद्वारात. मुलांनी लंगरात जेवावे आणि जेवल्यावर भांडी घासण्यास बसावे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी सोबत यावे, अशी आमची विनंती आहे.